हाताचे शिक्षण, गावाचे काम : पाबळच्या विज्ञान आश्रमाची वाटचाल

ही स्मरणिका देवणीत निघते आहे आणि तिचा विषय आपल्या तालुक्यातील तरुणांचा रोजगार हा आहे. अशा अंकात पुणे जिल्ह्यातल्या एका संस्थेचा इतिहास कशासाठी, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर आधीच द्यायला हवे.

लातूर जिल्ह्याने महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ दिला. बोर्डाच्या निकालात, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत आपल्या भागातल्या मुलामुलींनी नाव काढले. शेतकऱ्यांची, शिक्षकांची, छोट्या दुकानदारांची पोरे डॉक्टर झाली. याचा अभिमान आपल्याला आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्या घरातली धाकटी मुलगी लातूरला क्लासला जाते, त्याच घरात दहावीला गणितात आणि इंग्रजीत अडकलेला थोरला मुलगाही असतो. बारावी होऊन घरी बसलेली आणि पाहुणे बघायला येण्याची वाट पाहणारी पुतणी असते. सोयाबीनची रास झाली की ज्याच्या हाताला काम उरत नाही असा भूमिहीन कुटुंबातला तरुण असतो. हैदराबाद किंवा पुण्याची गाडी पकडायची, कुणा ओळखीच्याकडे उतरायचे आणि ‘हेल्पर’ म्हणून लागायचे, हीच त्याची वाट. काही वर्षांनी तो परततो तेव्हाही हेल्परच असतो. या मुलांसाठी आपल्याकडे कोणताही पॅटर्न तयार झाला नाही.

पाबळचा विज्ञान आश्रम ही संस्था नेमक्या याच मुलांसाठी उभी राहिली. १९८३ पासून तिने हा प्रश्न सोडला नाही. तिचा इतिहास वाचताना देवणीच्या वाचकाने एकच गोष्ट मनाशी धरावी. शहरातल्या कारखान्याला एका कामात तरबेज असलेला माणूस लागतो. गावाला मात्र अनेक कामे जाणणारा, हिशेब समजणारा आणि गावातच टिकणारा माणूस लागतो. असा माणूस घडवण्याचे शास्त्र विज्ञान आश्रमाने बसवले.

विचाराचा वारसा

हाताने काम करत शिकावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही वाट गरिबांच्या मुलांसाठी मोकळी केली. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम मांडली. उद्योगाच्या भोवती सगळे शिक्षण गुंफायचे, ही तिची धारणा होती. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ शाळेत आणण्याची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेल्या या शिक्षणतज्ज्ञाने १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली होती. १९७६ मध्ये ती पुण्याला आली. नाईकांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक शाळेबाहेर राहिलेल्या मुलांच्या अनौपचारिक शिक्षणासाठी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये काम करत होत्या. विज्ञान आश्रम सुरू झाला तो याच भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली.

असे मोठे विचार आपल्या शाळांमध्ये मात्र फार पातळ होऊन पोहोचले. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले, खडूच्या वस्तू आणि प्रदर्शनापुरती केलेली मॉडेल्स, एवढाच त्याचा अनुभव बहुतेकांना आहे. मुलाने केलेली वस्तू कुणाच्या उपयोगाची नसे, म्हणून ती नीट झाली का हे तपासण्याचीही गरज कुणाला वाटत नसे. ही उणीव ज्यांनी अचूक हेरली ते डॉ. श्रीनाथ कलबाग.

प्रयोगशाळेतून दुष्काळी गावात

डॉ. कलबाग यांचा जन्म १९२८ चा. अन्नतंत्रज्ञानात त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. भारतात परतल्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाची धुरा सांभाळली. मोठे पद, स्थिर पगार, मानमरातब सगळे होते. १९८२ मध्ये, निवृत्तीचे वय व्हायच्या आधीच, त्यांनी नोकरी सोडली. 

त्यांना छळणारा प्रश्न साधा होता. लहान मूल मातृभाषा शिकते ती व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे. शेतकऱ्याचे पोर बैल हाकायला शिकते ते शेतात. निसर्गाने माणसाला शिकण्याची जी रीत दिली आहे ती हात, डोळे आणि गरज यांच्यातून जाते. मग शाळा ती रीत बाजूला का सारते? आणि शाळेच्या रीतीत जो बसला नाही त्याला ‘नापास’ ठरवण्याचा अधिकार तिला कोणी दिला? ग्रामीण मुलाची बुद्धी कमी नसते, त्याला शिकवण्याची पद्धत चुकीची असते, असे त्यांचे ठाम मत होते. ते सिद्ध करायचे तर शहरातल्या एखाद्या सुसज्ज आवारात करून उपयोग नव्हता.

म्हणून त्यांनी शिरूर तालुक्यातले पाबळ निवडले. पुण्यापासून सुमारे साठ-सत्तर किलोमीटरवरचे हे गाव पर्जन्यछायेतले, कायम पाण्याची ओढ असलेले. बाहेरच्यांना ते माहीत असले तर मस्तानीच्या समाधीमुळे. खास सोयी नाहीत, मोठी बाजारपेठ नाही, मोठा बागायतदार वर्ग नाही. जे इथे जमेल ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही सामान्य गावात जमेल, असा हिशेब त्यामागे होता. १९८३ मध्ये डॉ. कलबाग आणि त्यांच्या पत्नी मीराताई तिथे राहायला गेले. आठवड्यातून एकदा भेट द्यायची आणि पुण्यात परतायचे, असे त्यांनी केले नाही. आश्रम हेच त्यांचे घर झाले.

‘विज्ञान’ आणि ‘आश्रम’ हे दोन शब्द त्यांनी एकत्र आणले, त्यात त्यांच्या कामाचा पूर्ण आराखडा होता. जुन्या आश्रमातल्यासारखे गुरूजवळ राहून, कामात भाग घेत शिकायचे. पण शिकायचे ते आजचे विज्ञान, मोजमाप आणि यंत्रे.

चार विभाग, एक वर्ष

शाळा सोडलेल्या तरुणांसाठी आश्रमाने एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम तयार केला. त्याचे नाव ‘डिप्लोमा इन बेसिक रुरल टेक्नॉलॉजी’, बोलताना ‘डीबीआरटी’. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता मिळाली. आठवीपर्यंत शिकलेल्यालाही इथे प्रवेश. दहावी नापास असणे हा अडथळा नाही. इथे येण्याचे ते एक साधे कारण असते, आणि त्याबद्दल कुणी टोमणा मारत नाही.

अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला चारही विभागांतून जावे लागते.

पहिला अभियांत्रिकी. वेल्डिंग, लोखंडी फॅब्रिकेशन, सुतारकाम, गवंडीकाम, नकाशा काढणे आणि नकाशा वाचणे. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरण. घरातले वायरिंग, मोटार जोडणे, सौर दिवे, बायोगॅस, पाण्याचे आणि जमिनीचे मोजमाप. तिसरा शेती आणि पशुपालन. माती परीक्षण, रोपवाटिका, पॉलिहाउस, कोंबड्या, शेळ्या, गाई. चौथा गृह आणि आरोग्य. अन्नप्रक्रिया, शिवणकाम, पोषण, रक्तातल्या हिमोग्लोबिनची आणि रक्तगटाची तपासणी.

एवढे सगळे एका वर्षात कसे येणार, असा आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला. आयटीआयमध्ये एका ट्रेडला एक-दोन वर्षे लागतात, मग इथे चार विभाग कसे? या आक्षेपाचे उत्तर गावाच्या अर्थव्यवस्थेत आहे. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात फक्त वेल्डिंग करणाऱ्याला वर्षभर पुरेल इतके वेल्डिंग नसते. फक्त वायरमनला रोज फिटिंग मिळत नाही. पण जो वेल्डिंग करतो, मोटार दुरुस्त करतो, ठिबकच्या नळ्या जोडतो आणि गोठ्यावर पत्रेही टाकून देतो, त्याचे बाराही महिने भागतात. डॉ. कलबागांनी तरुणाला आधी अनेक कामांत चालते-बोलते केले. ज्याला त्यातले एक काम आवडेल तो पुढे त्यात खोल जाईल, आणि तोपर्यंत त्याचे पोट अडणार नाही.

इथे आपल्या जुन्या गावगाड्याची आठवण होते. बारा बलुतेदार होते तेव्हा गावातल्या गावात सगळी कामे भागत. पण ते कौशल्य जन्माने ठरत असे. कुणाच्या वाट्याला कोणते काम यायचे आणि कुणाला किती मान मिळायचा, हे जातीने आधीच लिहून ठेवलेले असे. ती व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर गावातली कौशल्येही गेली आणि त्यांच्या जागी काही आले नाही. आज साधी मोटार जळली तरी ती उदगीरला न्यावी लागते. विज्ञान आश्रमाने हाताचे कौशल्य गावात परत आणले आणि ते जातीपासून, तसेच बाईमाणूस-पुरुषमाणूस या भेदापासून मोकळे केले. इथे मुलगी वेल्डिंगचा मुखवटा डोळ्यांवर धरते आणि मुलगा अन्नप्रक्रिया शिकतो. सामाजिक परिवर्तनाचे भाषण न करता ते रोजच्या वेळापत्रकात बसवण्याची ही हातोटी फार थोड्या संस्थांना साधली आहे.

काम खरे, हिशेबही खरा

आश्रमाच्या पद्धतीचा गाभा असा, की विद्यार्थ्याने केलेले काम कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाचे असले पाहिजे. सराव म्हणून लोखंडाचे तुकडे जोडायचे आणि भंगारात टाकायचे, असे इथे चालत नाही. गेट करायचे ते गावातल्या कुणाच्या तरी अंगणासाठी. फिटिंग करायचे ते खऱ्या घरात. रक्त तपासायचे ते शाळेतल्या मुलींचे, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यांच्या आहाराबद्दल बोलायचे. काम बिघडले तर ते समोरच्याच्या दारात बिघडलेले दिसते. त्यामुळे मापात काटेकोरपणा आपोआप येतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक कामाआधी विद्यार्थ्याने नकाशा काढायचा, साहित्याची यादी करायची, किंमत काढायची, लागलेला वेळ नोंदवायचा. काम संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक पाहायचा. जे गणित शाळेच्या फळ्यावर त्याला परके वाटत होते ते इथे अंगवळणी पडते, कारण कोन चुकला तर गेट बसत नाही आणि गुणाकार चुकला तर खिशातले पैसे जातात. अनेक तरुणांना गणिताची भीती वाटायची थांबते ती अशा कामातून.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. आश्रमातला निदेशक स्वतः उद्योग चालवण्याची क्षमता असलेला असावा, त्याच्या विभागाने काही उत्पन्नही आणावे, ही डॉ. कलबागांची अपेक्षा होती. ज्याला गिऱ्हाईक सांभाळता येत नाही तो दुसऱ्याला धंदा कसा शिकवणार? शिकवणाऱ्याने बाजारात उभे राहिलेच पाहिजे, ही अट आजच्या कौशल्य केंद्रांनाही लावून पाहण्यासारखी आहे.

गावातून शाळेत

शाळा सोडलेल्यांना शिकवताना एक गोष्ट आश्रमाच्या लक्षात आली. ही मुले शाळेतच हाताने शिकली असती तर त्यांतल्या कितीतरी जणांनी शाळा सोडलीच नसती. म्हणून हाच अभ्यासक्रम लहान करून आश्रमाने माध्यमिक शाळांत नेला. ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’, म्हणजे आयबीटी, या नावाने तो आठवी ते दहावीच्या वर्गांत आला आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारले. आठवड्यातला एक दिवस या विषयासाठी. चारही विभाग इथेही होते, फक्त वयाला साजेसे.

शिकवायला बाहेरून पदवीधर आणण्याऐवजी गावातल्याच वायरमनला, गवंड्याला, शिवणकाम येणाऱ्या ताईला बोलवायचे, अशी रीत ठेवली. मुलांनी शाळेचे नळ दुरुस्त केले, वायरिंग केले, परसबाग केली, शौचालये बांधली. शाळा गावाला सेवा देऊ लागली आणि गावाला शाळेत काय चालते ते दिसू लागले. पुढे सुनंदा माने आणि राज गिलडा यांच्या ‘लेंड-अ-हँड इंडिया’ या संस्थेने विज्ञान आश्रमाबरोबर हे काम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत पोहोचवले. याच धाग्यातून ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ हा विषय आकाराला आला आणि शासनाच्या कौशल्य शिक्षणाच्या आराखड्यात बसला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा ‘दप्तराविना दिवस’ देऊन स्थानिक कारागिरांकडे पाठवण्याची शिफारस केली. ती वाचताना पाबळच्या अनुभवाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

घुमट, ट्रॅक्टर आणि फॅब लॅब

गावाची गरज हाच अभ्यासक्रम, असे ठरवल्यावर आश्रमाला गावाचे प्रश्न सोडवावे लागले. पाण्याचा प्रश्न पहिला. जमिनीतून वीज किती वाहते त्यावरून भूजलाचा अंदाज घेण्याचे उपकरण आश्रमाने वापरात आणले आणि मुलांना ते चालवायला शिकवले. पानाड्याच्या शब्दावर बोअर मारणाऱ्या शेतकऱ्यापुढे मोजमापाची एक नवी वाट आली.

घराच्या प्रश्नातून ‘पाबळ डोम’ आला. लोखंडी त्रिकोण जोडून बनवलेला हा घुमट कमी साहित्यात मजबूत उभा राहतो. त्रिकोण आश्रमाच्या वर्कशॉपमध्ये तयार करायचे आणि जागेवर जोडायचे, म्हणून तो विद्यार्थ्यांना उभारता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीची दगडमातीची माळवदे माणसांवर कोसळली. ते पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला हलक्या आणि भक्कम बांधकामाचे मोल वेगळे सांगायला नको.

लहान शेतकऱ्याला परवडेल असा छोटा ट्रॅक्टर आश्रमाने जीपचे भाग वापरून केला आणि त्याला ‘मेकबुल’ असे नाव दिले. सौर वाळवणी यंत्रे, अंडी उबवण्याची यंत्रे, एलईडी दिवे अशी कितीतरी कामे विद्यार्थ्यांच्या आणि निदेशकांच्या हातून झाली. त्यांतली काही टिकली, काही मागे पडली. पण प्रत्येकातून शिकणाऱ्याला हे कळले, की यंत्र ही दुकानातून विकत आणायचीच वस्तू नाही, ते आपल्यालाही बनवता येते.

२००२ मध्ये या कामाला एक अनपेक्षित वळण मिळाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड ‘फॅब लॅब’ ही कल्पना मांडत होते. संगणकावर आराखडा काढायचा आणि लेझर कटर, छोटे मिलिंग यंत्र अशा साधनांनी वस्तू तिथल्या तिथे बनवायची, अशी ही कार्यशाळा. अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब कोणत्या तरी युरोपीय राजधानीत उभी राहिली नाही. ती शिरूर तालुक्यातल्या पाबळला उभी राहिली. आज जगभर हजारांहून अधिक फॅब लॅब आहेत. त्यांच्या इतिहासात एका दुष्काळी मराठी गावाचे नाव सुरुवातीलाच येते. दहावी नापास पोरांसाठी काढलेल्या जागेत जगातले पुढारलेले तंत्रज्ञान आधी पोहोचले, ही गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने मुलांना सांगावी.

संस्थापकानंतर

२००३ मध्ये डॉ. कलबागांचे निधन झाले. एका माणसाच्या त्यागावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या माणसाबरोबर मावळतात, असे आपण पुष्कळदा पाहिले आहे. विज्ञान आश्रम मावळला नाही, कारण तो व्यक्तीभोवती न बांधता पद्धतीभोवती बांधला होता. अभ्यासक्रम लिहिलेला होता, नोंदी ठेवण्याची सवय होती आणि कामाची मालकी पुढच्या पिढीकडे सोपवलेली होती. त्यानंतर डॉ. योगेश कुलकर्णी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आश्रमाची जबाबदारी पेलली. शाळांतला कार्यक्रम वाढला, फॅब लॅबमधून नव्या साधनांवर काम सुरू राहिले, अभियांत्रिकीचे विद्यार्थी गावाच्या प्रश्नांवर प्रकल्प करायला पाबळला येऊ लागले. पदवीधर आणि शाळा सोडलेला मुलगा एकाच टेबलावर काम करतात, हे दृश्य आपल्या विद्यापीठांना सहज जमलेले नाही.

प्रशिक्षणाला आधाराची जोड

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणाने एक आकडा समोर ठेवला. भारतातल्या एकूण कामकरी लोकांपैकी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण मिळालेले ४.६९ टक्के. हेच प्रमाण जर्मनीत ७५ टक्के, जपानमध्ये ८० टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. आपल्याकडे माणसे काम शिकत नाहीत असा याचा अर्थ नाही. गॅरेजवर, बांधकामावर, शेतात ती शिकतातच. पण त्या शिकण्याला प्रमाणपत्र नाही, मान नाही, म्हणून मजुरीही वाढत नाही.

गेल्या काही वर्षांत शासनाच्या योजना वाढल्या आहेत. २५ सप्टेंबर २०१४ रोजी ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या ५११ गावांत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांचे मूळ १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे येथे धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेगडे आणि दोन बँकांनी सुरू केलेल्या संस्थेत आहे. विश्वकर्मा योजनेत कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद झाली. आपल्या देवणीतही शासकीय आयटीआय आहे.

योजना आहेत, पण गरीब घरातला तरुण त्यांच्यापर्यंत पोहोचताना आणि पोहोचल्यावर टिकताना कुठे अडतो, हे पाबळच्या अनुभवाने दाखवले आहे. पहिली अडचण राहण्याची. तालुक्याच्या ठिकाणी रोज ये-जा करायला भाडे नाही आणि मुलीला तर घरून परवानगीही नाही. निवासी व्यवस्था असेल तर ही गाठ सुटते. दुसरी अडचण शिकण्याच्या काळातल्या बुडालेल्या मजुरीची. शिकता शिकता थोडी कमाई झाली की आईवडील पोराला परत शेतावर बोलावत नाहीत. तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी, ती म्हणजे ‘आपल्याला काही येत नाही’ हा शाळेने मनात रुजवलेला न्यूनगंड. तो भाषणाने जात नाही. आपल्या हाताने केलेले गेट कुणाच्या तरी दारात बसले आणि त्याचे पैसे मिळाले की तो जातो. चौथी अडचण प्रशिक्षणानंतरच्या पहिल्या वर्षाची. प्रमाणपत्र हातात आहे, पण वेल्डिंग मशीन नाही, दुकानाला जागा नाही, पहिले गिऱ्हाईक नाही. उजिरेच्या धाटणीच्या स्वयंरोजगार संस्थांनी प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत ठेवली आहे, ती याच कारणासाठी. या चार अडचणी ओळखून जे प्रशिक्षण चालते तेच तरुणाला उभे करते. बाकीचे फक्त हजेरीपट भरते.

देवणीने काय घ्यावे

देवणी हे नाव देशभर पोहोचले ते गाईमुळे. दूध आणि ओढकाम या दोन्हींसाठी उपयोगी पडणारी, आपल्या हवामानात टिकणारी ही जात आपल्या पूर्वजांनी जपली. आज तिच्या शुद्ध वाणाचे जतन करायचे तर गोपालनाचे शास्त्र जाणणारे, दुधाची प्रत तपासणारे, चाऱ्याचा हिशेब करणारे तरुण गावोगावी हवेत. सोयाबीन आणि तुरीच्या पिकांमागे मळणी यंत्रे, फवारणी पंप, ठिबक संच आणि मोटारी आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी आपण तालुक्याबाहेर पळतो. जिल्ह्यात रेल्वे कोच कारखाना उभा आहे. तिथे फिटर आणि वेल्डर लागणार आहेत, पण अशा नोकऱ्या थोड्यांना मिळतील. उरलेल्या तरुणांचा संसार गावाच्या कामांतूनच चालणार आहे आणि गावात कामे भरपूर आहेत, ती करणारे हात शिकलेले नाहीत.

पाबळच्या इतिहासातून देवणीने तीन गोष्टी घ्याव्यात. तालुक्यातल्या माध्यमिक शाळांनी आठवीपासून आठवड्याचा एक दिवस हाताच्या कामाला द्यावा आणि शिकवायला गावातल्याच कारागिराला मानधन देऊन बोलवावे. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणाला त्याच्या ट्रेडखेरीज आणखी दोन-तीन कामांची ओळख करून देणारा जोडकोर्स इथेच सुरू व्हावा, म्हणजे नोकरी लागली नाही तरी तो गावात पाय रोवू शकेल. आणि ग्रामपंचायती, बचत गट, सोसायट्या व दूध संस्था यांनी आपले छोटे काम बाहेरच्या ठेकेदाराला देण्याआधी गावातल्या प्रशिक्षित मुलांना द्यावे. पहिले गिऱ्हाईक गावानेच व्हायचे असते.

यांतली एकही गोष्ट करायला मोठी इमारत लागत नाही. पाबळला सुरुवातीला तीही नव्हती. लागतो तो गावात राहून काम करणारा माणूस, पोराच्या बुद्धीवर विश्वास आणि ‘नापास’ हा शिक्का पुसून त्याच्या हातात अवजार देण्याची तयारी. डॉ. कलबागांना हे काम सुरू करायला पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून परक्या गावात जावे लागले. आपल्याला इथून कुठेही जायचे नाही. आपली मुले, आपली शाळा आणि आपले काम इथेच आहे, म्हणून येत्या शैक्षणिक वर्षात तालुक्यातल्या निदान एका शाळेने हा आठवड्याचा दिवस सुरू करावा, ही या लेखाची आग्रहाची विनंती आहे.